इंजिन की बॅटरी? हायब्रीड गाडीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

आपल्याकडे ‘हायब्रीड’ हा शब्द मोटारीबरोबर नाही, ज्वारीबरोबर आला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण देशात प्रसारित झाले आणि बघता बघता हा इंग्रजी शब्द महाराष्ट्राच्या शेतशिवारात मराठी होऊन गेला. उतारा वाढला, पण भाकरीची चव गेली, कस गेला, अशी तक्रार जुनी माणसे करत राहिली. पुढे शब्दाने शेताचा बांध ओलांडला. चार पायऱ्या चढून धाप लागणाऱ्या पोराला आजोबा ‘हायब्रीड पिढी’ म्हणू लागले. उर्दूत ‘दोगला’ हा शब्द आहे, तो तर सरळ शिवीच्या शेजारी बसतो. थोडक्यात, दोन वाणांचे मिश्रण म्हटले की आपल्या मनात आधी संशय येतो. हे ना धड इकडचे, ना धड तिकडचे.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा संशय माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांच्या दोन्ही भाषा अर्ध्याच राहतात, असे वाक्य मी कितीतरी बैठकांत ऐकले आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत हाच ‘हायब्रीड’ शब्द महागड्या गाड्यांच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत मिरवू लागला, तेव्हा मला गंमत वाटली आणि कुतूहलही. नववीतल्या एका मुलाने विचारले होते, “सर, ती गाडी पेट्रोलवरून लाइटवर नेमकी कधी जाते? आणि कोण बदलतं?” प्रश्न साधा आहे. पण त्याचे नीट उत्तर द्यायचे तर व्हिएन्ना, लिएज, शिकागो आणि जपान अशी सव्वाशे वर्षांची सफर करावी लागते.

तीन दावेदार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार कशावर चालणार हे ठरलेले नव्हते. वाफ, वीज आणि पेट्रोल असे तीन दावेदार होते. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या गाड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या आणि पेट्रोलचा नंबर तिसरा होता. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटारही विजेचीच. बेल्जियमच्या कामीय जेनात्झी यांनी २९ एप्रिल १८९९ रोजी हा विक्रम केला होता.

विजेच्या गाडीचे सुख उघड होते. धूर नाही, धडधड नाही, दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याची कटकट नाही. शिवाय विजेची मोटर उभ्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावते. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. ते आधी फिरते असावे लागते, मग क्लच आणि गिअर यांच्या मदतीने त्याला चाकांशी जोडावे लागते. हळू चालताना आणि नुसते उभे असताना ते इंधन वाया घालवते.

मग वीज हरली का? बॅटरीच्या वजनामुळे. आपल्या घराच्या बिलावर जे ‘युनिट’ असते त्या मापात सांगायचे तर एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. शिशाच्या बॅटरीत किलोमागे एका युनिटाचा पंचविसावा-तिसावा हिस्सा मावतो. म्हणजे तीनशे पटीचा फरक. इंजिन त्या ऊर्जेतला मोठा भाग उष्णता म्हणून उधळून टाकते हे धरले, तरी लांबच्या प्रवासात बॅटरी पेट्रोलपुढे टिकत नव्हती.

एकाकडे जोर होता, पण शिदोरी नव्हती. दुसऱ्याकडे शिदोरी होती, पण उठतानाचा जोर नव्हता. दोघांना एका गाडीत बसवावे, हा विचार कोणाच्या तरी डोक्यात येणारच होता.

व्हिएन्ना, लिएज, शिकागो

हे काम करणाऱ्यांत आघाडीवर होता फर्डिनांड पोर्श. १८७५ मध्ये बोहेमियात जन्मलेला हा तरुण व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत काम करत होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची विजेची गाडी झळकली, जिच्या मोटरी थेट चाकांच्या तुंब्यात बसवलेल्या होत्या. पण बॅटरीचे ओझे त्यालाही छळत होते. म्हणून त्याने बॅटरी लहान केली आणि गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिने बसवली. प्रत्येक इंजिन एकेक जनित्र फिरवायचे, जनित्रातून वीज निघायची आणि ती वीज चाकांतल्या मोटरींना मिळायची. उरलेली वीज बॅटरीत. गाडीचे लॅटिन नाव होते ‘सेम्पर विवुस’, म्हणजे ‘सदैव जिवंत’.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात घ्या. इंजिनाचा चाकांशी थेट संबंधच नाही. ते गाडीतले फिरते वीजघर आहे. त्यामुळे पेट्रोलवरून विजेवर ‘बदलण्याचा’ प्रश्नच येत नाही. चाके कायम विजेवरच फिरतात. आजच्या भाषेत याला सिरीज हायब्रीड म्हणतात. आणखी एक हुशारी अशी, की तीच जनित्रे उलट वापरून इंजिने सुरू करता येत. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी वाट बेल्जियमच्या लिएज शहरात शोधली गेली. बंदुका बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पीपर घराण्यातल्या हेन्री पीपर यांनी १९०५ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ मध्ये ते मंजूर झाले. त्यांच्या रचनेत इंजिन आणि विजेचे यंत्र एकमेकांना थेट जोडलेले होते. चढावर इंजिन कमी पडले की विजेचे यंत्र मोटर होऊन हात द्यायचे. सपाटीवर इंजिनाचा जोर शिल्लक राहिला की तेच यंत्र जनित्र होऊन बॅटरी भरायचे. एकच यंत्र कधी घेणारे, कधी देणारे. हा पॅरलल हायब्रीडचा पाया.

तिसरी वाट शिकागोची. वुड्स मोटर व्हेइकल ही कंपनी विजेच्या गाड्या बनवायची आणि पेट्रोलपुढे तिचा धंदा बसत चालला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने ‘वुड्स ड्युअल पॉवर’ नावाची गाडी बाजारात आणली. ताशी १५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपर्यंत ती विजेवर चालायची. त्यापुढे पेट्रोल इंजिन जोडले जायचे आणि गाडी ताशी सुमारे ३५ मैलांपर्यंत जायची. स्टिअरिंगवर दोन दांड्या होत्या, एक विजेची, एक पेट्रोलची. किती वीज, किती पेट्रोल हे चालकानेच ठरवायचे.

माझ्या विद्यार्थ्याच्या मनात जी गाडी होती, ती हीच. इकडून तिकडे ‘बदलणारी’ गाडी. आणि ती फार चालली नाही. वेग कमी, किंमत भारी आणि चालकाच्या डोक्याला ताप वेगळा. दोन-तीन वर्षांत तिचे उत्पादन थांबले.

पन्नास वर्षांची झोप

हायब्रीडला झोपवणारी कारणे तिच्या बाहेरची होती. पहिले कारण हेन्री फोर्ड. १९०८ मध्ये मॉडेल टी ८५० डॉलरला आली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिची किंमत तीनशे डॉलरच्या खाली उतरली. दुसरे कारण स्वस्त तेल. तिसरे कारण मला सगळ्यात बोलके वाटते. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. इंजिन सुरू करण्यासाठी दांडा फिरवायची गरज संपली आणि विजेच्या गाडीची सगळ्यात मोठी सोय पेट्रोल गाडीने उचलली. विजेच्या गाडीला हरवण्याच्या कामात विजेनेच हात दिला.

पण विचार मेला नाही, त्याने फक्त रस्ता सोडला. दोन्ही महायुद्धांतल्या बहुतेक पाणबुड्या पाण्यावर डिझेलवर आणि पाण्याखाली बॅटरीवर चालत होत्या. पाण्याखाली इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणून तिथे ‘बदलणे’ ही गरजच होती. रेल्वेने पोर्शची वाट धरली. आपण ज्याला डिझेल इंजिन म्हणतो, ते भारतात १९६२ पासून धावलेले डब्ल्यूडीएम-२ घ्या. त्यात डिझेल जनित्र फिरवते आणि चाके विजेच्या मोटरी फिरवतात. मनमाड किंवा परभणीच्या फलाटावर उभे राहून ज्यांनी त्या इंजिनाची धडधड ऐकली आहे, त्यांनी व्हिएन्नाच्या गाडीची नातवंडेच पाहिली आहेत, असे म्हणायला हरकत नाही. मोठी बॅटरी तेवढी तिच्यात नव्हती.

धूर आणि तेल

१९६० च्या दशकात अमेरिकन शहरांवर गाड्यांच्या धुराची चादर पसरली आणि जुन्या कल्पनेवरची धूळ झटकली गेली. टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीतल्या बारूख बर्मन, जॉर्ज गेल्ब आणि नील रिचर्डसन या तिघांनी एक वेगळीच रचना मांडली आणि १९७१ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सिरीज की पॅरलल, या भांडणात न पडता त्यांनी गिअरच्या एका संचातून इंजिनाची शक्ती दोन वाटांनी नेली. काही शक्ती थेट चाकांकडे, काही विजेच्या मार्गाने फिरून. त्या वेळी ही कल्पना कागदावर आणि प्रयोगशाळेतच राहिली. तिला चालवायला लागणारा मेंदू अजून तयार व्हायचा होता.

त्याच काळात न्यूयॉर्कचे अभियंते व्हिक्टर वोक यांनी अमेरिकी सरकारच्या स्वच्छ गाडी योजनेत भाग घेतला. हे कादंबरीकार हर्मन वोक यांचे भाऊ. १९७२ ची एक ब्युइक स्कायलार्क घेऊन त्यांनी आणि सहकारी चार्ली रोझेन यांनी तिच्यात माझदाचे रोटरी इंजिन आणि विजेची मोटर बसवली. १९७४ मध्ये गाडीची सरकारी चाचणी झाली, गाडी धावली, धूरही कमी सोडला. तरी १९७६ मध्ये योजनेने तिला नाकारले. गंमत म्हणजे मधल्या काळात, ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली होती आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारे तेलाचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले होते. गाडी तयार होती, गरज तयार होती, पण निर्णय घेणारे तयार नव्हते. १९७६ मध्येच अमेरिकी संसदेने विजेच्या आणि हायब्रीड गाड्यांच्या संशोधनासाठी कायदा केला. पुढे तेल पुन्हा स्वस्त झाले आणि उत्साहही ओसरला.

न हललेली गाडी

१९९३ मध्ये जपानच्या टोयोटा कंपनीत ‘जी २१’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. एकविसाव्या शतकाची गाडी कशी असावी, हा ज्येष्ठ प्रमुख एइजी तोयोदा यांचा प्रश्न त्यामागे होता. नेतृत्व ताकेशी उचियामादा यांच्याकडे आले. ते गाडीतला आवाज आणि कंप कमी करण्याचे जाणकार होते आणि आधी कधीच एखाद्या गाडीचे मुख्य अभियंता नव्हते. त्यांच्या चमूने इंधनाची कार्यक्षमता दीडपट करण्याचा आराखडा मांडला. वरिष्ठ अधिकारी अकिहिरो वादा यांनी तो परत पाठवला. दीडपट नको, दुप्पट हवी. नुसते इंजिन सुधारून दुप्पट होणार नव्हते. म्हणून हायब्रीड.

चमूने सुमारे ८० प्रकारच्या हायब्रीड रचना तपासल्या, चाळता चाळता काहीच उरल्या आणि शेवटी गिअरच्या संचातून शक्ती वाटणारी रचना निवडली. १९९५ च्या अखेरीस नमुना गाडी तयार झाली. ती ४९ दिवस हललीच नाही. हलली तेव्हा जेमतेम ५०० मीटर गेली आणि थांबली. अशा अवस्थेत अध्यक्ष हिरोशी ओकुदा यांनी मुदत वाढवली नाही, उलट अलीकडे ओढली. गाडी १९९७ संपायच्या आत बाजारात हवी.

१० डिसेंबर १९९७ रोजी प्रियस जपानच्या बाजारात आली. त्याच आठवड्यात क्योटो शहरात हवामान परिषद चालू होती आणि दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, क्योटो करार मंजूर झाला. दीड लिटरचे इंजिन, ३० किलोवॅटची मोटर, निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी आणि २१.५ लाख येन किंमत. ‘प्रियस’ हाही लॅटिन शब्द, अर्थ ‘आधी’. जानेवारी २०१७ पर्यंत या एका कंपनीच्या एक कोटीहून अधिक हायब्रीड गाड्या जगभर विकल्या गेल्या होत्या.

१९७१ मध्ये जे जमले नाही ते १९९७ मध्ये कसे जमले? मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. क्षणाक्षणाला हिशेब करणारे छोटे संगणक स्वस्त झाले. आणि मोठा विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करू शकणारा आयजीबीटी नावाचा अर्धवाहक स्विच आला. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो विकसित करण्यात मद्रासमध्ये जन्मलेले बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. बॅटरीतल्या विजेला मोटरीच्या कामाची करून देणे आणि मोटरीकडून आलेली वीज परत बॅटरीत घालणे, ही सगळी देवाणघेवाण या स्विचांतून होते.

मग गाडी बदलते कधी?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. प्रियसच्या पोटात मधोमध एक दातेरी चाक आहे, त्याला सूर्यचक्र म्हणतात. त्याभोवती फिरणारी छोटी चाके ती ग्रहचक्रे. आणि सगळ्यांना बाहेरून वेढणारे, आतल्या बाजूला दाते असलेले एक कडे. सूर्याला एक छोटे विद्युतयंत्र जोडलेले आहे. ग्रहांना धरून ठेवणाऱ्या चौकटीला इंजिन जोडलेले आहे. बाहेरच्या कड्याला मोठी मोटर आणि गाडीची चाके. तिघांचे दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. जोडायचे-तोडायचे काही नाही. नेहमीसारखा क्लच नाही, गिअर बदलणे नाही.

गाडी सिग्नलला उभी आहे. सगळे शांत, इंजिन बंद. हिरवा दिवा लागला. मोठी मोटर कडे फिरवते, गाडी निघते. इंजिन जागचे हलत नाही, सूर्यचक्र तेवढे उलटे मोकळे फिरते.

वेग वाढला किंवा चढ आला. आता इंजिन हवे. सूर्याला जोडलेले छोटे यंत्र त्याला जोर लावते, चौकट फिरू लागते आणि तिच्याबरोबर इंजिन. पुरेसा वेग आला की इंधन आणि ठिणगी. वेगळा स्टार्टर नाहीच. सेम्पर विवुसमधली जनित्रेही हेच काम करत होती, हे आठवत असेल.

इंजिन चालू झाले की त्याचा जोर दातांच्या संख्येनुसार वाटला जातो. सूर्याला ३० दाते, कड्याला ७८. म्हणून इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरातला सुमारे ७२ टक्के भाग सरळ चाकांकडे आणि सुमारे २८ टक्के छोट्या यंत्राकडे जातो. ते यंत्र आता जनित्र झालेले असते. त्यातून निघालेली वीज बहुतेक वेळा बॅटरीत न थांबता तशीच मोठ्या मोटरीला मिळते आणि तीही चाकांनाच जोर लावते. छोट्या यंत्राचा वेग कमी-जास्त केला की इंजिनाला त्याच्या सोयीच्या, कमी इंधन पिणाऱ्या वेगावर ठेवता येते, मग गाडीचा वेग काहीही असो. गिअर बदलण्याचे काम असे न बदलताच होते.

ओव्हरटेक करायचे आहे? बॅटरी वरून भर घालते. ब्रेक दाबला? इंजिनाचे इंधन बंद, मोठी मोटर जनित्र होते आणि गाडीचा वेग वीज बनून बॅटरीत जातो. हेच तत्त्व मुंबई लोकलच्या नव्या थ्री-फेज गाड्यांत आहे. स्टेशन आले की लोकल थांबता थांबता वीज तारेत परत देते. फरक एवढाच की लोकलला परत द्यायला तार आहे आणि मोटारीला फक्त तिची बॅटरी. म्हणून प्रियसचा संगणक बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये तिला ठेवतो. घ्यायला जागा हवी आणि द्यायला शिल्लक हवी.

तेव्हा ‘गाडी कधी बदलते’ याचे उत्तर असे, की वुड्सची गाडी बदलत होती, ही बदलत नाही. हिच्यात दोन्ही शक्ती कायम जोडलेल्या आहेत. क्षणाक्षणाला ठरते ते फक्त कोणाचा वाटा किती. चालकाने पायाखाली किती जोर मागितला, वेग किती, बॅटरी किती भरली, इंजिन गरम आहे की गार, हे पाहून संगणक वाटे पाडतो. कधी एकाचा वाटा शून्य होतो, पण त्याचे दाते सुटत नाहीत.

हे समजले तेव्हा मला आमच्या घरातली दखनी आठवली. ‘नक्को’ हा मराठीतला ‘नको’ आणि ‘ऐसाइच’ मधला ‘च’ हाही मराठीचा. दखनी बोलणारी बाई वाक्याच्या मध्ये थांबून ‘आता उर्दू बंद, मराठी सुरू’ असे ठरवत नाही. तिच्या तोंडात दोन्हींचे दाते आधीच अडकलेले असतात. वर्गात आम्ही मात्र मुलांच्या हातात वुड्सच्या गाडीसारख्या दोन दांड्या देतो आणि मग मूल अडखळले की म्हणतो, याच्या दोन्ही भाषा अर्ध्या. उर्दूत विचार करून मराठीत उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे काही बिघडलेले नसते. त्याचे इंजिन आणि मोटर एकाच वेळी काम करत असतात. ४९ दिवस गाडी हलली नाही, तरी त्या अभियंत्यांनी दोघांपैकी एकाला काढून टाकले नाही. जोडणी दुरुस्त केली.

आपल्या रस्त्यावर

भारतात होंडा सिव्हिकची हायब्रीड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. दोन्ही सामान्य माणसाच्या हाताबाहेर. २०१५ नंतर अनेक गाड्यांवर ‘हायब्रीड’ची पाटी दिसू लागली, पण त्यातल्या बऱ्याच ‘माइल्ड’ प्रकारच्या. त्यांची छोटी मोटर इंजिनाला धक्का देते, एकटी गाडी चालवू शकत नाही. खऱ्या अर्थाने दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या, ज्यांना ‘स्ट्राँग’ म्हणतात त्या गाड्या २०२२ पासून सर्रास दिसू लागल्या. होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि त्याच वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस. यातली मारुती आणि टोयोटाची जात ग्रहचक्रांची. होंडाची वेगळी, शहरात ती बहुतेक वेळा पोर्शच्या पद्धतीने इंजिनातून वीज बनवून चालते आणि हायवेला क्लच लावून इंजिन थेट चाकांना जोडते. व्हिएन्ना आणि लिएज दोन्ही एका बॉनेटखाली.

गाडी घेणाऱ्यांनी आणि स्वप्न पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, साध्या हायब्रीडला बाहेरून चार्जिंग नाही. तिच्या बॅटरीतला प्रत्येक कण शेवटी पंपावरच्या पेट्रोलमधूनच आलेला असतो. ती इंधन निर्माण करत नाही, वाया जाणारे वाचवते. दोन, ती वाचवते ते मुख्यतः शहरात, जिथे सारखे थांबावे आणि निघावे लागते. समृद्धी महामार्गावर एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीला ब्रेकमधून मिळवण्यासारखे फारसे काही नसते.

सरकारलाही या गाडीचे नेमके काय करावे हे बरीच वर्षे उमगले नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रीड गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर १५ टक्के उपकर लागला. विजेच्या गाड्यांवर १२ टक्के होता, तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला. जी गाडी पूर्ण इकडची नाही आणि पूर्ण तिकडची नाही, तिला कोणत्या रकान्यात लिहायचे, हा पेच कारकुनाला पडतोच. हायब्रीड हा पूर्ण विजेकडे जाताना लागणारा थांबा आहे, की स्वतःच एक मुक्काम, यावर अभियंत्यांतही वाद आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या हलक्या आणि स्वस्त होत आहेत, त्यामुळे उद्या पारडे तिकडे झुकू शकते.

पण उद्याच्या विजेच्या गाडीतही ब्रेकची वीज परत घेणारी मोटर, प्रवाहाचे वाटे पाडणारे स्विच आणि बॅटरी जपणारा संगणक असणारच. त्यांच्यावर रस्त्यावरची मोठी तालीम याच मिश्र गाड्यांत झाली. आमच्या शाळेच्या रस्त्यावर सकाळी साडेअकराला रिक्षा, टमटम आणि दुचाक्यांची कोंडी होते. परवा त्यात एक हायब्रीड गाडी अडकली होती, इंजिन बंद, आवाज शून्य. मुले तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होती. ती पुढे सरकली तेव्हा इंजिन चालू झाले की नाही, हे कोणालाच कळले नाही.